महिला ज्युदो: आधी काय संपतं, दम की पकड?

ओंजळ
टोकियो ऑलिम्पिकमधली महिलांच्या ७० किलो गटाची सेमीफायनल परवा पुन्हा पाहिली. जपानची चिझुरू अराई आणि रशियाची मदीना तैमाझोवा. चार मिनिटांची लढत गोल्डन स्कोरमध्ये (बरोबरीनंतरचा जादा वेळ, पहिला गुण मिळवणारी जिंकते) गेली आणि एकूण साडेसोळा मिनिटांच्या वर चालली. शेवटी अराईने गळा आवळला, तैमाझोवा बेशुद्ध पडली. त्यावर कडी म्हणजे हीच तैमाझोवा नंतर उठून कांस्यपदकाची लढत जिंकली!

मी ज्युदो कधी खेळलेले नाही, फक्त पाहते. पण त्या लढतीच्या उत्तरार्धात दोघींच्या हातांकडे बघा. पकड बसते, सुटते, परत बसते. फेकायला आत शिरतात आणि नेमकी बाही निसटते. धाप लागलेली आहेच, पण पाय चालताहेत. मग आधी काय संपतं? दम की पकड? आणि पकडीचा जोर इतका महत्त्वाचा असेल तर सगळ्याजणी मूठ आवळायचा व्यायाम करून एकमेकींना गारद का करत नाहीत? जाणकारांनी लिहा.

उगाचच
जाणकार येईपर्यंत मी पहिला नंबर लावून ठेवतो. सोळा मिनिटं मला कुणी नुसतं उभं केलं तरी मी बेशुद्ध पडेन.

काळापट्टा
ओंजळताई, प्रश्न चांगला आहे, पण 'पकड' ही एक गोष्ट समजून विचारलाय. ज्युदोत दोन हातांची कामं वेगळी असतात. एक हात कॉलरवर, तो त्सुरिते. दुसरा बाहीवर, तो हिकिते. कॉलरवरचा हात समोरच्याला उचलतो, दाबतो, अंतर ठेवतो. बाहीवरचा हात ओढतो आणि फेक संपेपर्यंत सोडत नाही. थकल्यावर आधी दगा देतो तो बहुतेक वेळा बाहीवरचा. बाही गोल, सैल आणि घामाने ओली असते, आणि समोरची बाई तोच हात सतत झटकत असते. तुम्हाला बाही निसटताना दिसली ती याचमुळे.

दुसरं, नवशिकी मुलगी 'हाजिमे' (पंचाचं 'सुरू करा') झाल्यापासून मूठ गच्च आवळून उभी राहते. तिचे हात मिनिटाभरात भरून येतात. मुरलेली खेळाडू करंगळी आणि शेजारच्या बोटाने कापड अडकवून ठेवते, अंगठा-तर्जनी जवळजवळ सैल. आवळायचं फक्त हल्ल्याच्या क्षणी. मी शिकवतो त्या मुलींना सारखा ओरडत असतो, पकड ठेवा, मूठ नको. अर्ध्याजणींना ते कळायलाच दोन-तीन वर्षं लागतात.

तुमच्या प्रश्नाचं थेट उत्तर: दम आणि पकड जवळपास बरोबरच उतरतात. पण दम गेलाय हे लपवता येतं. पकड गेली की समोरचीला कापडातून लगेच कळतं.

कडेकपारी
शेवटच्या वाक्याला दंडवत!

मी प्रस्तरारोहण करतो. आमच्यातही हात भरून येणं हाच खरा शत्रू. फोरआर्म (कोपर ते मनगट) दगडासारखा होतो, बोटं उघडत नाहीत, मग अचानक मिटतही नाहीत. त्यावर आमचा एकच उपाय, चांगली खाच सापडली की एका हातावर राहून दुसरा हात खाली सोडून झटकायचा. ज्युदोत असं करता येतं का?

चिकटपट्टी
मी फिजिओथेरपिस्ट. खेळाडूंच्या बोटांना टेप लावण्यात आयुष्य चाललंय, म्हणून हे टोपणनाव.

हात का भरून येतो ते थोडक्यात. बोटं मिटणारे स्नायू बोटांत नसतात, कोपराखालच्या भागात असतात. ते एकाच जागी आवळून धरले की आतला दाब वाढतो आणि बारीक रक्तवाहिन्या दबतात. जोर जितका जास्त, तितका रक्तपुरवठा कमी. म्हणजे काम चालू पण माल येणं बंद, कचरा उचलणंही बंद. सैल सोडलं की रक्त परत धावतं. म्हणून काळापट्टा सर म्हणतात ती सैल पकड ही नुसती शैली नव्हे, तेवढ्याच वेळात स्नायूला श्वास मिळतो.

ज्युदोची लय साधारण अशी: वीस-तीस सेकंद झटापट, मग पंचाचं 'मात्ते' (थांबा), पाच-दहा सेकंदांची उसंत. त्या झटापटीतला मोठा हिस्सा फेकण्यात नाही, पकड मिळवण्यात आणि तोडण्यात जातो. पाय, पाठ, फुफ्फुसं यांना त्या दहा सेकंदांत बरंच सावरता येतं. फोरआर्म लहान स्नायूंचा, त्याच्यावर भार सगळ्यात सलग. तो पुरता सावरत नाही.

एका दिवसात चार-पाच लढती असतात हेही लक्षात घ्या. लागोपाठच्या लढतींत हाताची ताकद मोजली की प्रत्येक लढतीनंतर आकडा उतरलेला दिसतो आणि पुढच्या लढतीआधी तो पूर्ण वर आलेला नसतो. नियमाप्रमाणे दोन लढतींमध्ये किमान १० मिनिटं मिळतात. धाप जायला तेवढी पुरतात, फोरआर्मला नाही.

आकडेमोड
छान चाललंय. थोडे आकडे टाकतो.

२००७ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी मुठीचा जोर मोजला होता. तरुण पुरुषांची सरासरी ५४१ न्यूटन, तरुण स्त्रियांची ३२९. आणि ज्युदो, हँडबॉलसारख्या खेळांतल्या राष्ट्रीय दर्जाच्या खेळाडू मुलींची ४४४. म्हणजे सामान्य मुलींपेक्षा या खेळाडू तिसऱ्या हिश्श्याने वरचढ.

आता गंमत बघा. ब्राझीलमध्ये राष्ट्रीय संघातल्या आणि त्याखालच्या पातळीवरच्या पुरुष ज्युदोपटूंची तुलना झाली. बारवर ज्युदोचा गी (खेळताना घालतात तो जाड अंगरखा) टाकायचा आणि कापड धरून लोंबकळायचं. नुसतं लोंबकळण्यात दोन्ही गटांत म्हणावा असा फरक नाही. पण कापड धरून वर-खाली पुलअप काढायला लावले तर राष्ट्रीय संघवाले स्पष्ट पुढे. डायनॅमोमीटर (मुठीचा जोर मोजायचं यंत्र) दाबून 'किती जोर' विचारलं तर वरच्या पातळीवर सगळे सारखेच वाटतात. फरक पडतो तो हलता हलता पुन:पुन्हा जोर लावण्यात.

ओंजळताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यात आहे असं मला वाटतं. मूठ आवळायचा व्यायाम सगळ्याच करतात. एका मर्यादेनंतर त्याने गुण मिळत नाहीत.

स्पष्टवक्ता१
थांबा थांबा. ४४४ म्हणजे व्यायाम न करणाऱ्या पुरुषापेक्षाही कमी? मग एवढं 'एलिट एलिट' कशाला? कुठलाही बापडा ऑफिसातून उठून आला तरी...

सत्तरकिलो
या. ऑफिसातून उठून या. मॅटवर भेटू.

उगाचच
अॅडमिन, या प्रतिसादाला इप्पोन (लढत तिथेच जिंकून देणारा पूर्ण गुण) देण्याची सोय करा.

धोबीपछाड
हा हा. सत्तरकिलो ताई, मी कुस्तीतला माणूस. ऑफिसवाल्या बापड्याची कीव येते. डायनॅमोमीटर दाबणं आणि माणसाचा तोल घालवणं यांचा संबंध कमीच.

सत्तरकिलो
जरा नीट लिहिते, कारण आकड्यांचा असा उपयोग नेहमीच होतो.

मी ७० किलो गटात खेळते. समोर माझ्याच वजनाची, माझ्यासारखीच तयार बाई असते. पुरुषांच्या सरासरीचा तिथे काय संबंध? आणि तुलना करायचीच तर पूर्ण करा. आपापल्या कमाल जोराच्या ठरावीक टक्क्यांवर एखादी गोष्ट धरून ठेवायला सांगितली, तर बायका सर्वसाधारणपणे पुरुषांपेक्षा जास्त वेळ धरतात. जोर कमी पण टिकाऊ.

आता अनुभव. हात भरायला लागले की पहिल्यांदा बदलतो तो निर्णय. आत शिरायची जागा दिसते, पण बाहीवरचा हात तेवढा वेळ टिकेल याची खात्री नसते म्हणून शिरत नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं 'हिचा दम गेला, हल्लाच करत नाही'. पंचालाही तेच वाटतं आणि शिडो, म्हणजे दंड, मिळतो. शिडो मिळाला की घाईत अर्धवट हल्ला. तो खोटा, म्हणजे नुसता दाखवण्यापुरता, वाटला तर दुसरा शिडो. म्हणजे फोरआर्मचा थकवा गुणफलकावर शिडो म्हणून दिसतो.

चिकटपट्टी
ताईंच्या टिकाऊपणाच्या मुद्द्याला +१, एक पुस्ती जोडून. कमाल जोर कमी असला की रक्तवाहिन्या कमी दबतात, हे त्यामागचं एक कारण मानतात. सारख्याच ताकदीचे स्त्री-पुरुष निवडून मोजलं तर हा फरक बराच घटतो.

काळापट्टा
शिडोबद्दल अगदी बरोबर. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकची ५७ किलोची फायनल आठवा. कॅनडाची क्रिस्टा देगुची, कोरियाची हो मी-मी. गोल्डन स्कोरमध्ये मी-मीला खोट्या हल्ल्याबद्दल तिसरा शिडो मिळाला आणि तिथेच सुवर्णपदक ठरलं. तीन शिडो म्हणजे बाद. त्या निर्णयावर वाद झाला, तो इथे नको. पण ऑलिम्पिक फायनलचा निकाल फेकीशिवाय लागू शकतो हे त्या दिवशी जगाने पाहिलं.

धोबीपछाड
मला एक कळत नाही. आमच्याकडे मनगट धरलं तर ते घामाने सुटतं, त्यामुळे हातावर कुणी अवलंबूनच राहत नाही, अंगाने बिलगायचं. तुम्ही लोक कापडाला का लटकता? सरळ पाय धरा ना खाली वाकून. हातांचं दुखणंच नको.

काळापट्टा
पाय धरायला बंदी आहे, पैलवान. २०१० पासून निर्बंध आले आणि २०१३ मध्ये उभ्या लढतीत कंबरपट्ट्याखाली हात लावणंच बंद झालं. पूर्वी पकड हरलेली खेळाडू खाली वाकून पाय उचलायची, ती पळवाट गेली. आता कॉलर-बाहीची लढाई हरलात की बहुतेक सगळंच हरलात.

त्यात वेळेचं गणित बदललं. लंडन २०१२ पर्यंत लढत ५ मिनिटं, गोल्डन स्कोर ३ मिनिटं, तरीही बरोबरी राहिली तर झेंडे दाखवून निकाल. नंतर गोल्डन स्कोरची मर्यादाच काढली. रिओत बायकांना ४ मिनिटं आणि पुरुषांना ५ होती, २०१७ पासून दोघांना ४. लढत कागदावर छोटी झाली, पण शेवट मोकळा सुटला. ओंजळताईंनी पाहिलेली मॅच २०१२ च्या नियमांत ८ मिनिटांत झेंड्यांवर संपली असती.

ओंजळ
हे माहीतच नव्हतं! म्हणजे खेळाडूने चार मिनिटांची तयारी करायची की पंधराची?

सत्तरकिलो
चारची, आणि पंधराची भीती बाळगायची. :) खरं सांगायचं तर प्रशिक्षकांतच एकमत नाही. मी जिथे शिकले तिथे रांदोरीच्या (सरावाच्या मोकळ्या लढतींच्या) फेऱ्यांवर फेऱ्या, सगळ्यांत शेवटी दोरावर चढणं. हात कायम सुजलेले. नंतरच्या प्रशिक्षकांनी दोर बंद करून टाकला. त्यांचं म्हणणं, थकलेल्या हाताने सराव केलास की थकलेली पकडच अंगवळणी पडते. मला ते पटलं, माझ्या मैत्रिणीला अजून पटत नाही. ती माझ्यापेक्षा जास्त जिंकते हा भाग वेगळा.

उगाचच
म्हणजे दोर चालू ठेवा.

कडेकपारी
माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. हात झटकायचा का?

सत्तरकिलो
मात्ते झाल्यावर बघा, जवळजवळ सगळ्या जणी झटकतात. लढत चालू असताना तुमची खाच तुमच्यावर हल्ला करत नाही हो, आमची करते! एक हात सोडला की समोरची दोन्ही हातांनी धरते. मात्तेनंतर गी सारखा करणं, पट्टा हळूहळू बांधणं यात दोन-चार सेकंद चोरता येतात. पण पंच हुशार असतात, रेंगाळलात किंवा केस परत परत बांधत बसलात तर शिडो येतो.

नीलमोहोर
बरेच दिवस वाचनमात्र होते. दोन शंका. स्पर्धेआधी वजन उतरवतात त्याचा पकडीवर परिणाम होतो का? आणि मासिक पाळीचा? दुसऱ्या विषयावर कुणी बोलतच नाही.

चिकटपट्टी
पाळीबद्दल आधी. मुठीचा जोर चक्राच्या टप्प्यांनुसार मोजलेल्या अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. कुठे थोडा फरक दिसतो, कुठे काहीच नाही, आणि दिसतो तोही लहान. 'अमुक दिवशी ताकद कमीच असते' असा नियम कुणी सांगितला तर विश्वास ठेवू नका. पण वेदना, झोप न होणं, जास्त रक्तस्रावाने लोह कमी होणं या गोष्टी खऱ्या आहेत. लोह कमी असलं की थकवा लवकर येतो, त्याची रक्ततपासणी साधी आहे आणि तरी ती टाळली जाते. पाळी बंद होणं हे 'चांगल्या सरावाचं लक्षण' समजणारे अजून भेटतात. ते कमी खाल्ल्याचं लक्षण असू शकतं. डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

वजनाबद्दल सत्तरकिलो जास्त चांगलं सांगतील.

सत्तरकिलो
वजन आदल्या संध्याकाळी होतं. स्पर्धेच्या सकाळी काहीजणींना चिठ्ठीने परत काट्यावर बोलावतात, तेव्हा गटाच्या मर्यादेपेक्षा ५ टक्क्यांहून जास्त वजन चालत नाही. म्हणजे रात्रीत हवं तेवढं खाऊन-पिऊन फुगायची सोय नाही.

पाणी तोडून वजन केलेलं असलं की माझ्या बाबतीत पहिली लढत ठीक जाते, दुसरीपासून बोटांत पेटके. करंगळी आपोआप आत वळते आणि उघडत नाही. मोजून पाहिलं नाही, पण वरच्या गटात गेल्यापासून हा त्रास जवळपास गेला. पूर्वी मी ६३ मध्ये होते. गट बदलायचं ठरवलं तेव्हा सगळे म्हणाले, तिथल्या जास्त ताकदवान असतात, कशाला जातेस. असतात. पण चौथ्या लढतीत माझे हात शाबूत असतात.

आकडेमोड
हा प्रतिसाद साठवून ठेवला.

धोबीपछाड
काळापट्टा सर, एक बघितलं होतं. कोसोवोची ती मुलगी, माजलिंदा केल्मेंदी. कॉलर वगैरे नाही, थेट समोरचीच्या पाठीवरून हात टाकून मागचं कापड धरायची. ते मला कुस्तीसारखं वाटलं. त्यात बोटं कमी थकतात का?

काळापट्टा
पैलवानांची नजर! केल्मेंदी रिओत ५२ किलोत जिंकली, कोसोवोचं ते पहिलं ऑलिम्पिक पदक. तशी खांद्यावरून पाठीवर पकड बसली की बोटं फक्त हुकासारखी राहतात, ओढण्याचं काम पाठ आणि दंड करतात. समोरचीचं डोकं खाली जातं, मग तिला सरळ उभं राहायलाच सगळी ताकद लागते. थकवा आपल्या हातातून तिच्या पाठीत ढकलायचा, असं म्हणा. पण पाठीवर हात पोचवायला आधी तिच्या हाताच्या वरून जावं लागतं, आणि ती पहिली दोन सेकंदांची लढाई बोटांचीच. शिवाय नुसतं दाबून धरून हल्ला केला नाही तर शिडो.

स्पष्टवक्ता१
मी वर लिहिलेल्याचा विपर्यास झाला. मला इतकंच म्हणायचं होतं की जोर वाढवला तर फायदा होईलच ना? कमाल जोर जास्त असेल तर तेवढीच पकड कमी टक्क्यांत भागेल, म्हणजे थकवा उशिरा. साधं गणित आहे.

आकडेमोड
हे गणित बरोबर आहे हो. कमकुवत खेळाडूच्या बाबतीत शंभर टक्के. चढत्या पातळीवर त्याचा परतावा घटत जातो, एवढाच माझा मुद्दा होता.

चिकटपट्टी
आणि किंमत वाढत जाते. आठवडाभर रांदोरीत बोटं झिजवायची, वर जिममध्ये टॉवेल पुलअप, वर दोर. मग कोपराच्या आतल्या-बाहेरच्या बाजूला कंडरा दुखायला लागतात. गीचं कापड बघा, मान्यताप्राप्त गी चौरस मीटरला ६५० ते ७५० ग्रॅम वजनाचा असतो. ते कुणी झटक्यात सोडवलं की बोटांचे सांधे बाजूला ताणले जातात. बरीच वर्षं वरच्या पातळीवर खेळलेल्यांची बोटं गाठाळ झालेली दिसतात ती उगीच नाही. उलट दिशेचा व्यायाम, म्हणजे रबरबँड लावून बोटं उघडणं, फार कमी जणी करतात.

ओंजळ
सगळ्यांचे आभार, खूप कळलं. पण माझा प्रश्न थोडा बाकी आहे. अराई-तैमाझोवा लढतीचा शेवट जमिनीवर झाला. हात थकले असताना गळा आवळायला जोर कुठून आला?

सत्तरकिलो
जमिनीवर हाताला अंगाच्या वजनाची मदत मिळते. गळा आवळताना कॉलर एकदा नीट खोल बसली की बोटांनी फक्त निसटू द्यायचं नाही. आवळण्याचं काम खांदे, पाठ आणि अंग ताणून होतं. दाबून धरण्यातही तेच, २० सेकंद धरून इप्पोन मिळवायचा तो छातीच्या वजनाने, मुठीच्या जोरावर नाही. उभ्याने फेकायला मात्र बाही झटक्याच्या क्षणी हातात असावीच लागते, आणि थकल्यावर नेमका तो क्षणच चुकतो. लांबलेल्या लढतीत मी तरी जमिनीवर न्यायला बघते. समोरचीही तेच बघत असते, ही अडचण.

काळापट्टा
आणि सुटायला धडपडणारीचे हात जास्त थकतात. गळ्यातली कॉलर दोन्ही हातांनी ओढून धरायची म्हणजे पुन्हा मूठच.

नीलमोहोर
माझी भाची अकरा वर्षांची, ज्युदो शिकते. वरचं वाचून तिला गीवर पुलअप सुरू करावेत का? तिच्या क्लासमधली मोठी मुलं करतात.

चिकटपट्टी
मोठ्यांचं बघून नको. या वयात रांदोरी, खेळ, झाडावर-जंगलजिमवर लटकणं यात हाताला पुरेसं काम होतं. बोटाचा सांधा सुजला किंवा सकाळी बोट वाकवताना दुखलं तर टेप लावून खेळवू नका, थांबवा. वाढीच्या वयात सांध्याजवळचं हाड अजून पक्कं झालेलं नसतं.

काळापट्टा
आणि करंगळीने धरायची सवय आत्ताच लावा. वीस वर्षांच्या मुलीची मूठ सोडवणं मला जमत नाही.

उगाचच
अकरा वर्षांच्या भाचीपुढे स्पष्टवक्ता१ यांना उभं करून बघायचं का?

स्पष्टवक्ता१
मी वजन उतरवतोय. वेळ लागेल.